पडद्यावरच्या आईचं वय

घरात जुना हिंदी चित्रपट लागलेला असतो. हिरो घरात शिरतो, "माँ" म्हणून हाक मारतो, आणि सोफ्यावरून कुणीतरी विचारतं, "अरे, ही आई त्याच्यापेक्षा लहान नाही का दिसत?" बाकीचे हसतात आणि सिनेमा पुढे सरकतो. प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला मुंबईच्या आधी कोल्हापुरात डोकवावं लागतं. हिंदी पडद्यावर सर्वांत जास्त मुलांची आई झालेल्या अभिनेत्रींपैकी एक, सुलोचना लाटकर, कोल्हापुरातच घडली.

1. आधी वजाबाकी

सुलोचनाबाईंचा जन्म 30 जुलै 1928 चा. गाव खडकलाट, चिकोडी तालुका. निपाणीजवळचं, आज कर्नाटकात असलेलं. एवढी एक तारीख हाताशी असली, की पुढची गंमत कुणालाही कागदावर मांडून पाहता येते.

'जॉनी मेरा नाम' हा विजय आनंद यांचा चित्रपट 1970 चा. लहानपणी ताटातूट झालेले दोन भाऊ, मोहन आणि सोहन. भूमिका प्राण आणि देव आनंद यांच्या, आणि दोघांची आई सुलोचनाबाई. प्राण जन्मले 1920 साली, देव आनंद 1923 साली. म्हणजे आई एका मुलापेक्षा आठ वर्षांनी लहान आणि दुसऱ्यापेक्षा सुमारे पाच वर्षांनी. चित्रपटाची नायिका हेमा मालिनी, जन्म 1948. नायक आणि नायिका यांच्यात पंचवीस वर्षांचं अंतर. या सगळ्या कुटुंबात शोभेलसं वयाचं अंतर एकच सापडतं, सासू आणि होणारी सून यांच्यातलं: वीस वर्षं!

आता थोडं मागे जाऊ. बिमल रॉय यांचा 'सुजाता' 1959 च्या मार्चमध्ये आला, तेव्हा सुलोचनाबाई तीस वर्षांच्या होत्या. त्यात त्यांच्या पोटच्या मुलीचं काम केलं शशिकला यांनी, आणि सांभाळलेल्या मुलीचं नूतन यांनी. सोलापुरात जन्मलेल्या शशिकला त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. नूतन जेमतेम आठ वर्षांनी. त्याच वर्षीच्या 'दिल देके देखो'मध्ये त्या शम्मी कपूरच्या आई झाल्या. शम्मी कपूर तीन वर्षांनी लहान.

पण सगळ्यांवर मात करणारं उदाहरण मराठी आहे. 'मोलकरीण' (1963) या चित्रपटात आईवर स्वतःच्याच मुलाच्या घरी मोलकरीण म्हणून राबायची वेळ येते. मुलाच्या भूमिकेत कोल्हापुरात वाढलेले रमेश देव, जन्म 30 जानेवारी 1929. माय-लेकांत अंतर बरोबर सहा महिन्यांचं. तरीही थिएटरात बायका पदराने डोळे पुसत होत्या, आणि कुणाला वजाबाकी सुचली नाही.

2. खरीखुरी म्हातारी का घेत नसत?

वजाबाकीनंतरचा सरळ प्रश्न हा. साठीची आई हवी, तर साठीची बाई घ्या! 1959 साली हे वाटतं तितकं सोपं नव्हतं, आणि त्याचं कारण चित्रपटाच्या इतिहासातच आहे.

फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (1913) तारामती झाले होते अण्णा साळुंके, म्हणजे एक पुरुष. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये फाळक्यांना दोन स्त्रिया मिळाल्या: दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, पुढच्या गोखले. (आपल्या पडद्याची सुरुवात खऱ्याखुऱ्या मायलेकींनी झाली, हे पुढची सगळी वजाबाकी पाहता मजेशीरच.) पण त्या अपवाद होत्या. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 च्या 'सैरंध्री'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडूनच करवून घेतल्या. तेव्हाच्या समाजाला ते पचलं नाही. 'चांगल्या घरच्या' बाईने सिनेमात जायचं नाही, हा दंडक पुढे बरीच वर्षं टिकला.

याचा परिणाम असा, की 1959 मध्ये साठीला आलेली, म्हणजे 1900 च्या आसपास जन्मलेली आणि कॅमेऱ्यापुढे काम करायला सरावलेली स्त्री शोधायची म्हटली, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नावं निघत. तिच्या तरुणपणी तिला कुणी स्टुडिओची पायरीच चढू दिली नव्हती. मग म्हातारपणी ती आयती कुठून मिळणार?

दुर्गा खोटे त्या मोजक्यांतल्या एक. जन्म 1905. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात असतानाच निघालेल्या 'अयोध्येचा राजा'त (1932) त्या तारामती होत्या. 'मुगल-ए-आझम'मध्ये (1960) त्या जोधाबाई झाल्या, तेव्हा त्यांच्यात आणि सलीम झालेल्या दिलीपकुमार यांच्यात सतरा वर्षांचं अंतर होतं. हिंदी सिनेमाच्या हिशेबाने हे अगदी शहाण्यासारखं. पण अशा दुर्गाबाई किती? मागणी शेकडो आयांची आणि त्या वयाच्या अभिनेत्री मूठभर. मग तिशी-पस्तिशीतल्या नायिकांना रंग लावून आई करणं ओघानेच आलं.

दुसरं कारण पटकथेतलं. त्या काळच्या कितीतरी चित्रपटांत पहिली दहा-पंधरा मिनिटं मुलांच्या लहानपणाची असत. तिथे आई तरुण हवी, पुढे तीच म्हातारी हवी. तरुण बाईला म्हातारी करता येतं, उलटं जमत नाही.

3. पगारी नायिका म्हणजे काय?

आता सुलोचनाबाई या सगळ्यात आल्या कशा, ते पाहू. त्यासाठी एक जुनी व्यवस्था समजून घ्यावी लागेल.

आज अभिनेत्री प्रत्येक चित्रपटाचा वेगळा करार करते. 1930-40 च्या दशकात तसं नव्हतं. नट, नट्या, छायालेखक, सुतार, शिंपी, रंगभूषाकार, सगळे एका कंपनीचे महिन्याच्या पगारावरचे लोक. चित्रपट असो वा नसो, सकाळी कामावर हजर राहायचं. कोल्हापूरकराला हे एका शब्दात कळेल: तालीम. वस्ताद ठरवेल ती मेहनत, वस्ताद सांगेल ती जोड, आणि मैदानात नाव तालमीचं.

सुलोचनाबाईंची पहिली कंपनी म्हणजे कोल्हापुरातलीच मास्टर विनायक यांची प्रफुल्ल पिक्चर्स. पहिला चित्रपट 'चिमुकला संसार' (1943). त्याच कंपनीत त्याच सुमारास एक वर्षाने लहान असलेली दुसरी एक मुलगी पगारावर होती आणि किरकोळ भूमिका करत होती. तिचं नाव लता मंगेशकर. दोघींची तेव्हाची मैत्री आयुष्यभर टिकली. सीमाभागातल्या खेड्यातून आलेल्या सुलोचनाबाईंची बोली ऐकून कंपनीतल्या शहरी मंडळींना हसू येत असे.

प्रफुल्ल पिक्चर्स मुंबईला गेली आणि सुलोचनाबाई कोल्हापुरातल्याच जयप्रभा स्टुडिओत आल्या, भालजी पेंढारकरांच्या हाताखाली. सुलोचना हे नाव भालजींनीच दिलं. भालजींनी या मुलीची बोली घडवली, उच्चार घासूनपुसून घेतले. ऐतिहासिक चित्रपटांची कंपनी असल्यामुळे घोड्यावर बसणं आणि तलवार चालवणंही शिकवलं. 'सासुरवास' (1946), 'जय भवानी' (1947) अशी नायिकेची कामं मिळू लागली.

मग जानेवारी 1948 आला. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ पेटवला गेला. 'मीठ भाकर' हा चित्रपट त्या आगीत गेला. भालजींनी कर्ज काढून स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि 'मीठ भाकर' पुन्हा चित्रित करून 1949 मध्ये प्रदर्शित केला. पगारी व्यवस्थेत माणसं कंपनीला किती बांधलेली असत, ते इथे दिसतं. राखेतून तोच चित्रपट पुन्हा काढायचा, तर तो पुन्हा करायला माणसं लागतात.

4. मराठीत नायिका, हिंदीत आई

पुढच्या काळात स्टुडिओची पगारी पद्धत मोडत गेली. निर्माते आणि कलाकार सुटे झाले. सुलोचनाबाईंच्या बाबतीत याचा परिणाम मोठा विचित्र झाला. एकाच काळात त्यांची दोन वेगवेगळी वयं सुरू राहिली.

मराठीत 'वहिनींच्या बांगड्या' (1953) या शांताराम आठवले यांच्या चित्रपटातली वहिनी घराघरांत पोचली. कथा य. गो. जोशींची. आईविना वाढणाऱ्या दिराला पोटच्या पोरासारखं सांभाळणारी ही वहिनी नात्याने आई नसली, तरी वागण्याने आईच. हिंदी निर्मात्यांनी ही कथा 'भाभी की चूड़ियाँ' (1961) म्हणून पुन्हा केली, तेव्हा ती भूमिका मीनाकुमारीकडे गेली. त्या वेळी हिंदीसाठी सुलोचनाबाई आईच्या रांगेत जाऊन बसल्या होत्या. जी भूमिका त्यांनी आधी गाजवली, तिच्यासाठी हिंदीत त्यांचं वय उलटलं होतं. मीनाकुमारी त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान, इतकाच फरक.

चित्रपटाच्या धंद्यात नायक-नायिका सोडून बाकीच्या महत्त्वाच्या भूमिकांना 'चरित्र भूमिका' म्हणतात: आई, बाप, काका, डॉक्टर, न्यायाधीश. पुरुष नट तिथे पन्नाशीनंतर पोचत. स्त्रिया तिशीत. देव आनंद यांचा पहिला चित्रपट 1946 चा, म्हणजे पडद्यावर ते सुलोचनाबाईंच्या तीन वर्षं मागे. 1970 मध्ये ते नायकच होते. कारण तिकीट त्यांच्या नावावर खपत होतं, वितरक पैसे त्यांच्या नावावर देत होते. नायक बदलणं महाग पडे, नायिका बदलणं परवडे. यात कुणा एकाचा दुष्टपणा नव्हता. हिशेबच तसा होता, आणि तो हिशेब नट्यांच्या वयातून वसूल होत होता.

तरीही सुलोचनाबाईंचा निर्णय व्यवहाराने शहाणपणाचाच ठरला, असं म्हणायला हवं. नायिका म्हणून अडून राहिलेल्या त्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणी पाच-सात वर्षांत विस्मृतीत गेल्या. सुलोचनाबाई मात्र पुढची तीसेक वर्षं काम करत राहिल्या. 'मजबूर'मध्ये (1974) त्या अमिताभ बच्चन यांच्या आई होत्या, आणि तिथे वजाबाकी जरा माणसांत आली होती: चौदा वर्षं. मराठी आणि हिंदी मिळून त्यांच्या चित्रपटांची संख्या अडीचशेच्या पुढे जाते.

'एकटी' (1968) या राजा ठाकूर यांच्या चित्रपटात तर पडदा आणि घर यांची फारच गुंतागुंत झाली. मुलाच्या भूमिकेत डॉ. काशिनाथ घाणेकर, जन्म 1930. म्हणजे आईपेक्षा दोन वर्षांनी लहान. पुढे सुलोचनाबाईंची मुलगी कांचन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. पडद्यावरचा मुलगा घरात जावई झाला.

5. म्हातारपण कसं रंगवतात?

तीस वर्षांच्या बाईला पन्नास-साठची दाखवायचं, तर काय करतात?

केसांवर पांढरा हात फिरवणं हे सर्वांत सोपं. तेही सगळीकडे नाही, कानशिलांवर आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना. पदर डोक्यावर घेतला, की बाकीचे काळे केस आपोआप झाकले जातात. दुसरी गोष्ट प्रकाशाची. नायिकेच्या चेहऱ्यावर समोरून मऊ प्रकाश टाकतात, त्यात सुरकुती बुजते. तोच प्रकाश वरून किंवा बाजूने टाकला, की डोळ्यांखाली आणि गालांवर सावल्या पडतात आणि वय वाढतं. कृष्णधवल चित्रपटात ही युक्ती फार चांगली चालते. रंगीत फिल्म आल्यावर गालांचा तजेला लपवणं अवघड झालं.

पण खरं वय दिसतं हालचालीत. म्हातारा माणूस बसण्याआधी जागा हाताने चाचपतो. मान एकटी न वळवता खांद्यासकट वळतो. बोलताना वाक्याच्या शेवटी श्वास संपतो. हे रंगाच्या डबीतून येत नाही, त्याला निरीक्षण लागतं. 'सुजाता' बघताना सुलोचनाबाईंच्या चेहऱ्यापेक्षा त्यांच्या खांद्यांकडे लक्ष द्यावं. चित्रपट पुढे सरकतो तसे ते खाली येत जातात. सांभाळलेल्या मुलीवर माया तर आहे, पण तिला 'आपली मुलगी' म्हणायला जीभ रेटत नाही, असं ते अवघड काम आहे. तिशीच्या अभिनेत्रीने ते इतक्या संयमाने केलं, म्हणूनच पुढे आयांची रीघ लागली.

6. हे फक्त आपल्याकडेच?

नाही. जपानमध्ये हा खेळ आपल्याहून जास्त टोकाला नेला गेला.

यासुजिरो ओझू यांच्या 'टोकियो स्टोरी'मध्ये (1953) सत्तरीचे वडील झालेले चिशू र्यू प्रत्यक्षात 49 वर्षांचे होते, आणि त्यांच्या मुलाचं काम करणारे सो यामामुरा त्यांच्याहून सहा वर्षांनीच लहान. किनुयो तानाका ही मूकपटांच्या काळापासूनची मोठी नायिका. 'द बॅलड ऑफ नारायामा'त (1958) तिला सत्तरीला टेकलेली म्हातारी करायची होती. पन्नाशी गाठायच्या आत तिने या भूमिकेसाठी आपले पुढचे दात काढून घेतले.

सगळ्यांत जवळचं उदाहरण मात्र टेलिव्हिजनचं. किरिन किकी ही जपानची चित्रपट आणि टीव्ही अभिनेत्री, जन्म 1943. 1974 मध्ये टीबीएस वाहिनीच्या 'तेराउची कांतारो इक्का' या घरगुती मालिकेत ती घरातली आजी झाली. वय 31. तिच्या मुलाचं काम करणारे संगीतकार असेई कोबायाशी तिच्याहून दहा वर्षांनी मोठे. चेहरा म्हातारा करता येतो, पण हात फसवत नाहीत. म्हणून ती बोटं उघडी राहतील असे मोजे घालून काम करायची. पुढे या बाईने आपलं पहिलं पडद्यावरचं नाव एका टीव्ही कार्यक्रमात लिलावात विकून टाकलं आणि नवं नाव घेतलं.

सुलोचनाबाई आणि किकी यांच्यातला फरक इथे बोलका आहे. दोघी तिशीच्या आसपास म्हाताऱ्या झाल्या. पण किकीची आजी खोडकर आणि खादाड होती. वय वाढत गेलं तशा तिच्या भूमिकाही वाढत गेल्या. 2018 मध्ये, मृत्यूच्या वर्षी, आलेल्या 'शॉपलिफ्टर्स' या चित्रपटासाठी तिने कवळी काढून ठेवून काम केलं, आणि त्या चित्रपटाला कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. आपल्याकडच्या आयांना हिंदी सिनेमाने पांढरी साडी, देवघर, खोकला आणि शेवटच्या रिळात मुलाची गळाभेट यापलीकडे फारसं काही दिलं नाही. घोडा आणि तलवार शिकलेल्या अभिनेत्रीला दिवा घेऊन तुळशीपुढे उभं करण्यात वीस वर्षं घालवली, ही उधळपट्टीच.

याला उत्तर पुन्हा कोल्हापूरनेच दिलं. भालजींच्या 'मराठा तितुका मेळवावा'मध्ये (1964) सुलोचनाबाई जिजाबाई झाल्या. तीही आईच. पण ही आई वाट बघत नाही, ठरवते. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जिजाबाईंचा जो चेहरा कितीतरी वर्षं उभा राहिला, तो या चित्रपटातला.

7. नावांचा घोळ

वाचकांची नेहमी गल्लत होते म्हणून थोडक्यात. मूकपटांची गाजलेली तारका सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. तिचा आपल्या सुलोचनाबाईंशी संबंध नाही. लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण या गायिका, त्याही वेगळ्या. लाटकर यांना चित्रपटसृष्टीत सगळे 'दीदी' म्हणत, आणि मराठी वर्तमानपत्रांत त्या सुलोचनादीदी म्हणूनच छापल्या गेल्या.

8. शनिवारची संध्याकाळ, आणि पुढे

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. या दोन संध्याकाळींनी सुलोचनादीदींना नवा प्रेक्षक दिला. थिएटरात त्यांना नायिका म्हणून पाहिलेली पिढी वेगळी. त्यानंतरच्या मुलांनी त्यांना शनिवारी वहिनी म्हणून पाहिलं आणि रविवारी आई म्हणून. या मुलांना त्यांची तरुण भूमिका पाहून नवल वाटायचं.

1999 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2004 मध्ये फिल्मफेअरचा जीवनगौरव आणि 2009 चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार. 4 जून 2023 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. 'मीठ भाकर' दोनदा घडलेला जयप्रभा स्टुडिओ पुढे लता मंगेशकर यांच्या मालकीचा झाला, आणि 2022 मध्ये त्याच्या विक्रीची बातमी आली तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले.

या प्रकरणातली वजाबाकी पडताळून पाहायची असेल, तर तीन चित्रपट याच क्रमाने बघा: 'वहिनींच्या बांगड्या', 'सुजाता', 'मोलकरीण'. तिन्ही अवघ्या दहा वर्षांतले आहेत. बघताना जन्मतारखा विसरून जा. मग 'जॉनी मेरा नाम' लावा, आणि त्या वेळी मात्र तारखा जरूर आठवा.